बोटीच्या सहलीला निघण्यापूर्वी

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आपण दर अंकात बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी, पाणी-पाळी यांविषयी वाचता. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. गाळप हंगाम संपला, बिले खात्यावर जमा झाली की आपल्याकडे सहली निघतात. पूर्वी त्या तिरुपती, काशी, रामेश्वरला जात. आता काही गटांतून मुंबईहून बोटीने लक्षद्वीपला जाणारी मंडळी निघू लागली आहेत. गट ऑफिसात तोडीची चौकशी करायला आलेला सभासद जाता जाता विचारतो, "साहेब, तुम्ही बोटीनं जाऊन आलाय म्हणं. काय काय न्यावं लागतंय? बोट लागती का?" एकेकाला तेच तेच सांगण्यापेक्षा सर्वांसाठी लिहून द्यावे असे ठरवले.

२०२४ च्या एप्रिलमध्ये, हंगाम आटोपल्यावर, आपल्या भागातील बावीस जणांबरोबर मीही गेलो होतो. सहल चांगली झाली. परंतु दोन प्रसंग असे घडले की, थोडक्यात निभावले म्हणूनच आज हे लिहितो आहे. त्यांतला एक माझ्याच चुकीचा आहे. दोन्ही पुढे सांगतो.

आपल्या धंद्यात एक गोष्ट आपण जाणतो. उसाचे निम्मे उत्पन्न लागणीच्या आधीच ठरते. बेणे कसले, सरी कशी, प्रक्रिया केली की नाही, यावर सगळे अवलंबून. बोटीच्या सहलीचेही तसेच आहे. ती धक्का सुटण्याआधीच चांगली किंवा वाईट ठरलेली असते. लागणीत तूट पडली तर नांग्या भरता येतात. भर समुद्रात नांग्या भरता येत नाहीत.

१) केव्हा जावे?

लक्षद्वीपची बेटे अरबी समुद्रात साधारण ८ ते साडेबारा अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहेत. मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे नऊशे किलोमीटर. कोचीहून ती जवळ पडतात, बेटाबेटाप्रमाणे सुमारे २२० ते ४४० किलोमीटर. मुंबईहून गेल्यास एक अख्खा दिवस चारी बाजूंना पाण्याशिवाय काही दिसत नाही, हे मनाशी धरून चालावे.

नैऋत्य मोसमी वारा केरळात १ जूनच्या सुमारास पोहोचतो, आणि लक्षद्वीपचा समुद्र त्याच्या आधीपासूनच खवळू लागतो. तेव्हा मेचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हा काळ सोडावा. वादळांचे दिवसही ध्यानात ठेवावेत. अरबी समुद्रात चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा सरल्यावर होतात. ओखी वादळाने २०१७ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला लक्षद्वीपला तडाखा दिला, तर तौक्ते २०२१ च्या मेमध्ये तिथूनच वर सरकत आले. समुद्र सर्वांत शांत असतो तो जानेवारी ते मार्च.

पण नेमके हेच आपल्या तोडीचे दिवस. म्हणून बुकिंग करण्याआधी गट ऑफिसात येऊन आपल्या प्लॉटची लागण तारीख आणि तोडीचा क्रम विचारून घ्या. मालक बोटीवर आणि टोळी फडात, असे होऊ देऊ नका. तोड झाल्यावर लगेच जाणार असाल तर बुडखे छाटणे, पाचट सरीत दाबणे आणि खोडव्याचे पहिले खत ही कामे पंधरा दिवसांच्या आत व्हायची आहेत. ती उरकून जा, नाहीतर भावाकडे किंवा मुलाकडे नीट सोपवून जा.

२) कागदपत्रे

लक्षद्वीप आपल्याच देशात आहे, त्यामुळे पासपोर्ट लागत नाही. परंतु बेटावर उतरायला शासनाचा प्रवेश परवाना लागतो. सहल कंपनी तो काढून देते, पण त्यासाठी ओळखपत्राच्या प्रती आणि फोटो तुम्ही वेळेत दिले पाहिजेत. स्वतः कोचीहून जाणार असाल तर काही आठवडे हातात ठेवून अर्ज करा.

ओळखपत्रावरचे नाव आणि तिकिटावरचे नाव अक्षरशः एक असावे. आपल्याकडे एका कागदावर आजोबांचे नाव, दुसऱ्यावर आडनावच नाही, असा घोळ नेहमीचा. शेअर दाखल्यावर तो चालवून घेतला जातो, बंदरावर चालत नाही. मूळ ओळखपत्र जवळ आणि एक झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवावी. बोट परदेशी बंदराला लागणार असेल तर मात्र पासपोर्ट हवाच, आणि त्याची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने शिल्लक असावी.

३) बॅगा दोन प्रकारच्या

मोठी बॅग बंदरावर ताब्यात घेतात आणि ती नंतर खोलीवर पोहोचवतात. शेकडो बॅगा असतात, त्यामुळे वेळ लागतो. दुपारी दिलेली बॅग रात्री मिळू शकते. म्हणून खांद्याला एक लहान पिशवी हवीच. तिच्यात औषधे, चष्मा, ओळखपत्र, पैसे, एक जोड कपडे, टॉवेल आणि पाण्याची बाटली ठेवावी. मोठ्या बॅगेला रंगीत चिंधी बांधा. सगळ्यांच्या बॅगा काळ्याच असतात.

उदबत्ती, कापूर, निरांजन, स्टोव्ह, पाणी तापवायची कांडी, इस्त्री या वस्तू नेऊ नका. बोटीवर सर्वांत मोठे भय पाण्याचे नसून आगीचे असते. तपासणीत या वस्तू काढून घेतल्या जातात. देवपूजा हात जोडूनही होते.

कपडे सुती, सैल, लांब बाह्यांचे असावेत. बोटीच्या आत थंड हवा सोडलेली असते, म्हणून एक स्वेटर किंवा शाल असू द्या. गुळगुळीत झालेली रबरी चप्पल ओल्या डेकवर घसरते. मागे पट्टा असलेले, तळ धरून ठेवणारे सँडल घ्या.

४) औषधे (पहिला प्रसंग)

आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद. शुगरचा जुना त्रास, इन्सुलिन चालू. त्यांच्या सुनेने सगळी औषधे नीट डब्यात भरली आणि डबा मोठ्या बॅगेत ठेवला. बॅग बारा वाजता बंदरावर दिली. दुपारचे जेवण बोटीवर झाले, त्यात गोडाचे चार प्रकार. दुपारची गोळी चुकली, संध्याकाळचे इन्सुलिन चुकले. बॅग आली रात्री नऊनंतर. तोवर म्हातारबा घामाघूम, तहानेने कासावीस. शुगर तपासली तर साडेतीनशेच्या वर. बोटीवर डॉक्टर होते म्हणून निभावले. त्यांची फी वेगळी भरावी लागली, पण प्रश्न फीचा नाही. बोटीवर डॉक्टर असतो, दवाखाना असतो, पण मोठे इस्पितळ नसते. किनारा एक दिवसावर असतो.

म्हणून :

(अ) रोजची औषधे खांद्याच्या पिशवीत. मुक्कामाचे जेवढे दिवस, त्याहून तीन-चार दिवसांची जास्त.

(आ) औषधांची नावे आणि वेळा लिहिलेला डॉक्टरांचा कागद सोबत. घरातल्या एकाला तरी तो पाठ असावा.

(इ) इन्सुलिनची वापरात असलेली बाटली २५ ते ३० अंशांखाली साधारण महिनाभर टिकते. ती उन्हात ठेवायची नाही आणि बर्फालाही चिकटवायची नाही. गोठलेले इन्सुलिन वाया गेले असे समजा. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा आणि खोलीत गेल्यावर फ्रिज आहे का ते विचारा.

(ई) हृदयाचा त्रास, नुकतेच झालेले ऑपरेशन, दम लागणे यांपैकी काही असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नका. गरोदर भगिनींना साधारण २४ आठवड्यांपुढे बोटीवर घेत नाहीत. बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगा.

५) बोट लागते का?

लागते. ज्याला एसटी लागते त्याला बोटही लागण्याचा संभव जास्त. कारण साधे आहे. शरीराचा तोल सांभाळणारा भाग कानाच्या आत असतो. बोट हलते हे त्याला कळते, पण खोलीतल्या भिंती मात्र डोळ्यांना स्थिर दिसतात. दोघांची साक्ष जुळत नाही आणि पोट ढवळते.

उपाय असे. बुकिंग करताना खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यभागाची खोली मागा. बोट टोकाला जास्त आणि मध्यात कमी हलते, बैलगाडीत साट्याच्या मधोमध बसल्यासारखे. मळमळू लागल्यास झोपून मोबाईल पाहू नका. बाहेर डेकवर या, वारा घ्या आणि दूर, आकाश पाण्याला टेकते तिथे नजर लावा. पोट अगदी रिकामे नको आणि तुडुंबही नको. कोरडी भाकरी, चुरमुरे, आल्याचा तुकडा चालतो. गोळी घ्यायची तर ती त्रास सुरू होण्याआधी, तास-दोन तास अगोदर. उलट्या लागल्यावर गोळी पोटात ठरत नाही. या गोळ्यांनी झोप येते. काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

६) पहिला तास : कवायत चुकवू नका

बोट सुटण्याच्या सुमारास सर्व प्रवाशांना बोलावून सुरक्षेची माहिती देतात. जीवरक्षक जाकीट कुठे आहे, कसे बांधायचे, धोक्याच्या वेळी कुठे जमायचे, हे सांगतात. आपली मंडळी त्या वेळी नेमकी चहाच्या टेबलाशी किंवा फोटो काढण्यात असतात. "आपल्याला काय करायचंय" असे म्हणतात.

आपल्याला काय करायचंय ते सांगतो. १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात 'रामदास' बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणात आजही ती आठवण काढतात. हे जुने झाले म्हणाल, तर १३ जानेवारी २०१२ ची गोष्ट घ्या. इटलीच्या किनाऱ्यालगत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही नवी, अवाढव्य प्रवासी बोट खडकावर आपटून कलंडली आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. नव्या प्रवाशांची कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच झाली पाहिजे, असा नियम २०१५ पासून लागू आहे.

तेव्हा एवढे करा. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा, हा धोक्याचा इशारा आहे हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. जमण्याच्या जागेचे अक्षर किंवा आकडा तळहातावर पेनने लिहा. खोलीपासून तिथपर्यंत जिन्याने एकदा चालून या, कारण धोक्याच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. सूचना हिंदीत आणि इंग्रजीत होतात. आपल्या गटातील एकाने त्या ऐकून म्हाताऱ्या माणसांना मराठीत समजावून सांगाव्यात. हे काम गटप्रमुखाचे समजावे.

७) ऊन आणि पाणी

आपण उन्हातली माणसे आहोत, पण तिथले ऊन वेगळे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लक्षद्वीपमध्ये दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. कोल्हापूर-सांगलीकडे तोच दिवस मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास येतो. तिथे वरून ऊन असते, खालून पांढरी वाळू आणि पाणी त्याचा उलटा झोत टाकतात. वारा सुटलेला असल्यामुळे चटका जाणवत नाही. संध्याकाळी पाठ सोलली की कळते. रुंद काठाची टोपी किंवा उपरणे आणि लांब बाह्यांचा सदरा हेच खरे औषध. उघड्या राहिलेल्या भागाला सनक्रीम लावा. अकरा ते तीन सावलीत बसा.

हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहा. जुलाब-उलट्या झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोटघोट द्या. माप चुकवू नका. मीठ जास्त पडले तर अपाय होतो. साखर आपल्या कारखान्याचीच न्या!

८) जेवण

शाकाहारी जेवण मिळते. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांनी, माळकऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच तसे लिहून द्यावे. जेवण पंगतीचे नसून मांडलेले असते, हवे तेवढे घ्यायचे. आपला हात तिथे सैल सुटतो, विशेषतः पैसे भरले आहेत म्हणून. चार दिवसांत पैसे वसूल करायला गेलात तर पुढचे पंधरा दिवस डॉक्टरला द्यावे लागतील.

एकाच छताखाली शेकडो माणसे असली की जुलाब-उलट्यांची साथ झपाट्याने पसरते. अशा साथीचा एक नेहमीचा विषाणू नुसत्या सॅनिटायझरला नीट दाद देत नाही. जेवणाआधी आणि शौचानंतर साबण-पाण्यानेच हात चोळून धुवा.

तंबाखू खाणाऱ्यांना एक सूचना. बोटीच्या कठड्यावरून थुंकू नये. नियम तर आहेच, शिवाय वारा ते आपल्याच तोंडावर आणून देतो.

९) लहान होडीत उतरताना

लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाचा कठडा आहे, त्यामुळे मोठी बोट काठाला लागत नाही. ती बाहेर उभी राहते आणि लहान होडीने न्यावे लागते. सगळ्या सहलीत पाय मोडण्याची जागा हीच. होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते. दोन्ही हात मोकळे ठेवा, पिशवी पाठीवर. खलाशी मनगट धरतो, तुम्हीही त्याचे मनगट धरा. तो "या" म्हणेल तेव्हाच पाऊल टाका. स्वतःच्या अंदाजाने उडी मारू नका. भगिनींनी नऊवारी किंवा पायघोळ साडीऐवजी त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालावा. गुडघ्याचा जास्त त्रास असलेल्यांनी लाट मोठी असेल तर बोटीवरच थांबावे. त्यात कमीपणा नाही.

समुद्र फार हलत असेल तर कप्तान कुणालाच उतरवत नाही. आमच्यातल्या काहींनी तेव्हा "पैसे दिलेत, उतरवलंच पाहिजे" असा घोष लावला होता. तो चूक होता. हवामानामुळे उतरणे रद्द झाल्यास काय परत मिळते ते तिकिटाच्या अटींत लिहिलेले असते. ते घरी वाचा, डेकवर भांडू नका. परत येण्याची वेळ घड्याळाप्रमाणे पाळा. बोट थांबत नाही.

१०) पाण्यात उतरताना (दुसरा प्रसंग)

आता माझी चूक. मी लहानपणापासून विहिरीत पोहतो. चाळीस फूट विहिरीत सूर मारणारा माणूस. बेटाच्या आतल्या बाजूला प्रवाळाच्या कठड्याने अडवलेले उथळ, निळे, शांत पाणी असते. त्याला लगून म्हणतात. ते पाहिले आणि मला वाटले, यात काय बुडायचे? जीवरक्षक जाकीट अंगाला काचत होते, ते काढून काठावर ठेवले. दोरी लावून हद्द दाखवली होती, तिच्या पलीकडे गेलो. ओहोटी लागली होती, ते मला कळले नाही.

थोड्या वेळाने लक्षात आले की मी हात मारतोय, पण काठ लांब चाललाय. जोर लावला. दम लागला. खारे पाणी नाकातोंडात गेले. पायाखाली तळ नाही, धरायला विहिरीसारखी पायरी नाही. तिथला एक तरुण होडी घेऊन आला आणि दंडाला धरून त्याने वर घेतले. त्याने नंतर कारण समजावले. लाटांचे पाणी कठड्यावरून आत येते आणि कठड्याला जिथे फट असते तिथून बाहेर जाते. ओहोटीला त्या फटीकडे जबर ओढ असते. कालव्याचे दार उघडल्यावर दाराजवळ जशी ओढ असते, तशीच. मी कालव्याच्या दारात उभा राहून पाण्याशी कुस्ती खेळत होतो.

विहिरीत पोहणारा समुद्रात पोहेलच असे नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. नवखा माणूस पाण्याला भितो, म्हणून वाचतो. धोका आपल्यासारख्या पोहणाऱ्यांना जास्त. म्हणून :

(अ) पोहता येवो अथवा न येवो, जाकीट काढायचे नाही.

(आ) दोरीच्या पलीकडे जायचे नाही. भरती-ओहोटीची वेळ स्थानिक माणसाला विचारायची.

(इ) ओढीत सापडल्यास उलट दिशेने झगडू नका. तरंगत राहा, हात वर करून ओरडा आणि ओढीला आडवे, बाजूला सरका.

(ई) जेवून लगेच, दारू पिऊन किंवा एकट्याने पाण्यात जाऊ नका. हृदयाचा त्रास असलेल्यांनी तोंडाला नळी लावून पोहण्याचा प्रकार टाळावा.

(उ) शुगर असलेल्यांनी अनवाणी चालू नये. पायाची जाणीव कमी असते. तापलेल्या वाळूचा चटका आणि प्रवाळाची जखम कळत नाही, आणि ती जखम लवकर भरत नाही. खरचटले तर लगेच गोड्या पाण्याने धुऊन औषध लावा.

११) बेटावर कसे वागावे

प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ते बारीक जिवांचे घर आहे. त्यांनीच ही बेटे उभी केली. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले की हे जीव पांढरे पडून मरू लागतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली तसे मोठ्या प्रमाणावर झाले. कठडा खचला तर बेट उघडे पडते. बंगारमजवळचे पराली-१ हे निर्जन बेट झिजून नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिले. बांध फुटलेल्या रानाची माती कशी जाते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा प्रवाळावर उभे राहू नका, तुकडा मोडू नका. प्रवाळ बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शोकेसमध्ये ठेवायला म्हणून नातवासाठी आणलेला तुकडा तपासणीत महागात पडेल.

नारळाचे रोप, माती, पानेही आणू नका. २००२ मध्ये सांगली भागात लोकरी मावा दिसला आणि बघता बघता तो महाराष्ट्रभर उसावर कसा पसरला, हे आपण विसरलेलो नाही. कीड तिकीट काढून येत नाही, रोपाबरोबर फुकट येते.

तिथे गोडे पाणी फार थोडे. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो. जास्त उपसला की विहीर खारी होते. कवरत्ती बेटावर २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र बसवले, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचे. त्याची रीत आपल्या सभासदांना चटकन कळेल. आपल्या कारखान्यात रस कमी दाबाखाली उकळतो म्हणून त्याला आच कमी लागते. तिथेही वरचे कोमट समुद्रपाणी निर्वात टाकीत सोडतात, ते कमी तापमानातच वाफाळते, आणि खोल समुद्रातून ओढलेल्या गार पाण्याने त्या वाफेचे गोडे पाणी करतात. एवढ्या खटपटीने मिळालेल्या पाण्याचा नळ सोडून आपण अर्धा तास अंघोळ करू नये.

वस्ती मुस्लिम बांधवांची आहे, भाषा मल्याळम, मिनिकॉयला महल. माणसे मायाळू. गावातून फिरताना अंगभर कपडे असावेत, भगिनींचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे, बाटली घेऊन उतरू नका.

सभासदांचे काही प्रश्न

प्रश्न : पोहता येत नाही. जावे का?
उत्तर : जरूर जावे. जाकीट घाला, गुडघाभर पाण्यात बसा. आनंद तेवढाच.

प्रश्न : मोबाईल चालतो का?
उत्तर : किनारा सुटला की नाही. बोटीवर उपग्रहाचे इंटरनेट विकत मिळते. मोबाईल 'फ्लाइट मोड'वर ठेवा, नाहीतर बोटीच्या नेटवर्कवर जाऊन मोठे बिल येऊ शकते. घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे फोन लागत नाही म्हणून घाबरणार नाहीत.

प्रश्न : तिकिटाशिवाय आणखी खर्च काय?
उत्तर : बेटावरची सहल, खेळ, शीतपेये, इंटरनेट आणि डॉक्टर यांचे पैसे बहुधा वेगळे. बोटीवर एक कार्ड देतात, खर्च त्यावर चढतो. हिशेब रोज रात्री पाहा. उचल घेताना गोड लागते, कपात होताना कळते, हे आपल्याला माहीत आहेच.

प्रश्न : म्हाताऱ्या आई-वडिलांना न्यावे का?
उत्तर : न्यावे. खोली लिफ्टजवळची मागा. बोटीवर चालताना एक हात कायम कठड्याला. न्हाणीघराचा उंबरा उंच असतो, रात्री दिवा चालू ठेवा.

सभासदांनी हे पान कापून जपून ठेवावे आणि बॅग भरताना समोर धरावे. आमचे ज्येष्ठ सभासद आता बरे आहेत. परवा गट ऑफिसात आले होते. खिशातून औषधांची डबी काढून दाखवली आणि म्हणाले, "साहेब, आता गावातबी हीच खिशात असती." मीही पुन्हा समुद्रावर गेलो, तर जाकीट काढणार नाही.